महाकाय पशू आणि मुक्याचे ऋण

माणसाने हाती गेरू आणि कोळसा घेऊन गुहेच्या भिंतीवर पहिल्या रेघा ओढल्या, तेव्हा त्याने स्वतःचे चित्र क्वचितच काढले. युरोपातील प्राचीन गुहांच्या भिंतींवर दिसतात ते मुख्यतः रानगवे, घोडे आणि हरणे. ज्या प्राण्यावर आपले पोट अवलंबून आहे, ज्याचे आपल्याला भय आहे आणि ज्याचे कौतुकही आहे, त्याची आकृती माणसाने काढून ठेवली. पुढे तो मातीचे बैल घडवू लागला, लाकडी घोडे कोरू लागला, मंदिरांच्या आणि राजवाड्यांच्या दारांशी दगडी हत्ती-सिंह बसवू लागला. पशूची प्रतिमा ही माणसाची फार जुनी सोबतीण आहे.

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या प्रतिमेने एक नवे रूप धारण केले. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या विस्तीर्ण देशांतील महामार्गांच्या कडेला सिमेंटचे, पोलादाचे, फायबरग्लासचे अवाढव्य पशुपक्षी उभे राहिले. कुठे तीन मजल्यांएवढा गवा, कुठे पाच मजल्यांएवढा एडका, कुठे हेलकावणाऱ्या गवतावरून मान उंचावून पाहणारी गाय. परदेशी गेलेली आपल्या धर्मग्रामांतील मुले सुट्टीच्या प्रवासाची छायाचित्रे घरी पाठवतात, त्यांत अशा एखाद्या प्राण्याच्या पायाशी उभी असलेली नातवंडे हमखास असतात. आजी-आजोबा ते चित्र पाहून हसतात आणि पुढचे चित्र पाहतात.

हसण्याजोगा विषय आहे खरा. तथापि या गंमतीच्या पोटात एक गंभीर नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. ज्या प्राण्याची आपण एवढी मोठी प्रतिमा उभारतो, त्या जिवंत प्राण्याचे आपण काय लागतो? प्रतिमा मोठी केल्याने त्याचा मान वाढतो, की त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य त्या प्रतिमेआड झाकले जाते?

रस्त्याकडेची हाक

प्रथम या मूर्तींच्या पाठीराख्यांची बाजू ऐकून घेणे न्यायाचे ठरेल. त्यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की हा सारा व्यापार आहे, आणि व्यापार तर उघडच आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यावर मार्गेट नावाचे गाव आहे. तेथे १८८१ साली जेम्स लॅफर्टी या गृहस्थाने लाकूड आणि पत्रा यांचा ६५ फूट उंचीचा हत्ती बांधला. आपल्या मालकीचे भूखंड विकले जावेत म्हणून गिऱ्हाइकांना तिकडे खेचणे, एवढाच त्याचा हेतू होता. गिऱ्हाइकांनी हत्तीच्या पोटातून जिना चढावा, पाठीवरच्या अंबारीत उभे राहावे आणि तेथून विकाऊ जमिनी पाहाव्यात, अशी ती योजना.

पुढे मोटारी आल्या. आगगाडी ठरलेल्या स्थानकावर थांबतेच, परंतु मोटारीला थांबवावे लागते. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाला लहान पाटी दिसत नाही. म्हणून पाटीची जागा प्रचंड आकृतीने घेतली. ऑस्ट्रेलियात १९६० च्या दशकापासून अशा आकृतींची लाटच आली, आणि तेथील लोक त्यांना नुसते ‘बिग थिंग्ज’, म्हणजे ‘मोठ्या वस्तू’, असे म्हणू लागले.

परंतु या व्यापाराला दुसरीही एक बाजू आहे. ही मूर्ती बहुधा मोठ्या शहरात उभी राहत नाही. जे गाव लहान आहे, ज्याच्यापाशी ना राजवाडा आहे ना प्रसिद्ध देवालय, ज्याच्यावरून जग वेगाने निघून जात आहे, असे गाव ती उभारते. कॅनडातील ओंटारियो प्रांतात वावा नावाचे गाव आहे. १९६० साली त्या भागातून राष्ट्रीय महामार्ग पुरा झाला, पण तो गावाच्या बाजारपेठेला बाजूला टाकून गेला. तेव्हा अल टर्कॉट या तेथील व्यापाऱ्याच्या पुढाकाराने महामार्गावर एक भलामोठा कलहंस उभारण्यात आला. गावाचे नाव कलहंसाच्या स्थानिक आदिवासी नावावरून आले असे मानतात. पहिली मूर्ती प्लास्टरची होती. ती तेथील हवामानात टिकली नाही, म्हणून १९६३ मध्ये पोलादाची केली. तीही गंजली, तेव्हा २०१७ मध्ये तिसरी बसवली. सत्तावन्न वर्षांत तीन मूर्ती! ‘आम्ही अजून येथे आहोत, थोडे थांबा, चहा घेऊन पुढे जा’ असे सांगण्याची एका गावाची ती चिकाटी आहे.

यात दोष कसला काढावा? आपल्या अस्तित्वाची दखल घेतली जावी ही इच्छा माणसाच्या मूळ गरजांपैकी एक आहे. शिवाय, संत थॉमस अक्वायनस यांच्यासारख्या काटेकोर विचारवंतानेही खेळकरपणाला सद्गुणांच्या पंक्तीत बसवले आहे. शरीराला जशी विश्रांती लागते तशी मनालाही लागते, आणि ती विनोदाने, खेळाने मिळते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तेव्हा केवळ मोठी, केवळ विचित्र आणि केवळ गिऱ्हाईक खेचणारी म्हणून या मूर्तींना नावे ठेवण्यात अर्थ नाही. मार्गेटच्या त्या हत्तीचेच पाहा. विक्रीसाठी बांधलेला तो हत्ती कालांतराने मोडकळीस आला. १९७० साली तो पाडण्याची वेळ आली, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि संबंध हत्ती चाकांवर चढवून थोड्या अंतरावरच्या जागेत नेला. १९७६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. विकण्यासाठी केलेली वस्तू सांभाळता सांभाळता प्रेमाची झाली.

माळावरचा गवा

गावाचा प्रश्न असा सुटतो, पण पशूचा सुटत नाही. त्यासाठी आम्ही वाचकांस उत्तर डाकोटा राज्यातील जेम्सटाउन येथे नेऊ इच्छितो. महामार्गालगतच्या एका टेकाडावर तेथे १९५९ साली एल्मर पीटरसन या शिल्पकाराने काँक्रीटचा बायसन, म्हणजे अमेरिकन गवा, उभारला. उंची २६ फूट, लांबी ४६ फूट, वजन ६० टन. मान किंचित खाली झुकवून तो माळाकडे पाहत आहे.

हा माळ एके काळी कोणाचा होता? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर अमेरिकेत तीन ते सहा कोटी गवे असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ते शतक संपण्यापूर्वीच, १८८० च्या दशकाच्या अखेरीस, त्यांतील सुमारे एक हजार शिल्लक उरले. रेल्वे आली, बंदुका आल्या, गव्याच्या कातड्याला कारखान्यांच्या पट्ट्यांसाठी मागणी आली. शिकारी कातडे सोलून घेत आणि मांस माळावरच कुजू देत. या संहाराला आणखी एक कारण होते. गव्यावर जगणारे आदिवासी समाज उपासमारीने शरण येतील आणि नेमून दिलेल्या राखीव प्रदेशांत जातील, असा हिशेब अनेक लष्करी अधिकाऱ्यांनी व राज्यकर्त्यांनी मनाशी बांधला होता. पुढे नव्याने वसलेल्या शेतकऱ्यांनी माळावर पडलेली हाडे गाड्या भरभरून रेल्वे स्थानकांवर नेली. खतासाठी व साखर शुद्ध करण्यासाठी ती विकली गेली. हाडांचेही पैसे झाले.

त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी त्याच माळावर त्याच प्राण्याची साठ टनांची मूर्ती उभी राहिली. याला काय म्हणावे? गौरव म्हणावा, तर ज्याचा गौरव करावयाचा तो नाहीसा केल्यावर झालेला हा गौरव आहे. पश्चात्ताप म्हणावा, तर मूर्ती उभारणाऱ्यांच्या मनात तो असल्याचे कोठे दिसत नाही. प्रवासी थांबावेत, हाच येथेही मुख्य हेतू होता.

एडका आणि कळप

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे, आणि ते अधिक बोचणारे आहे. सिडनीहून नैर्ऋत्येकडे जाताना गोलबर्न नावाचे जुने शहर लागते. लोकरीच्या व्यापाराने वाढलेले हे शहर. तेथे १९८५ साली मेरिनो जातीच्या एडक्याची काँक्रीटची मूर्ती उभारण्यात आली. उंची १५ मीटरांहून थोडी अधिक, लांबी १८ मीटर, वजन ९७ टन. लोकांनी लाडाने नाव ठेवले ‘रॅम्बो’. पोटात दुकान, वर लोकरीच्या इतिहासाचे प्रदर्शन, आणि डोळ्यांच्या खिडक्यांतून दिसणारे शहर, अशी तिची रचना. एका मुक्या प्राण्याने आपल्याला घरदार, शाळा, बाजारपेठ दिली, याची ही कबुलीच म्हणावयाची.

परंतु पुढील सहा वर्षांत काय घडले ते पाहा. ऑस्ट्रेलियात लोकरीला किमान भावाची हमी देणारी योजना होती. भाव चढा ठेवल्याने उत्पादन वाढले आणि गिऱ्हाईक घटले. न विकलेल्या लोकरीच्या ४० लाखांहून अधिक गासड्या गोदामांत साचल्या, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती योजना बंद पडली. मेंढीला किंमत उरली नाही. बाजारात नेण्याचा खर्चही निघेना. तेव्हा लक्षावधी मेंढ्या गोळ्या घालून मारण्यात आल्या व खड्ड्यांत पुरण्यात आल्या. ज्या शेतकऱ्यांना हे करावे लागले त्यांचा दोष काढणे आमच्या मनात नाही. अनेकांची त्या काळात जन्माची घडी विसकटली. आमचे म्हणणे एवढेच, की त्या दिवसांत गोलबर्नचा काँक्रीटचा एडका जागच्या जागी उभा होता. त्याला कोणी धक्का लावला नाही. १९९२ च्या अखेरीस महामार्ग शहराला वळसा घालून गेला आणि येणारे-जाणारे कमी झाले, तेव्हा २००७ साली ९७ टनांची ती मूर्ती उचलून सुमारे ८०० मीटर दूर, नव्या रस्त्याच्या जवळ नेण्यात आली. मूर्तीसाठी जागा सापडली. कळपासाठी सापडली नव्हती.

मूर्ती आणि जिवंत प्राणी यांतील फरक येथे स्पष्ट होतो. मूर्तीला चारा लागत नाही. ती आजारी पडत नाही आणि बाजारभाव पडला तरी तोट्यात जात नाही. तिच्यावर केलेले प्रेम आपल्याकडून रंगाच्या एका हातापलीकडे काही मागत नाही. जिवंत प्राणी मात्र रोज काहीतरी मागतो. म्हणून मूर्तीवर प्रेम करणे सोपे आहे, आणि या सोपेपणातच धोका आहे. आपण ऋण फेडले असे समाधान मूर्ती देते, पण ऋण होते तेथेच राहते.

मुक्याचे ऋण म्हणजे काय?

येथे एक विचारी वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल, ‘ऋण हा शब्द आपण जपून वापरावा. ऋणाला दोन बाजू लागतात. जो मागू शकत नाही, ज्याला दिले-घेतले कळत नाही, त्याचे ऋण कसले?’ ही शंका रास्त आहे. शास्त्रशुद्ध अर्थाने न्याय हा विवेकशील व्यक्तींमधील संबंध आहे, असेच जुने आचार्य शिकवत आले. संत थॉमस यांनी पशूंवर दया करण्याचे कारण सांगितले तेही मुख्यतः माणसाकडे पाहून. जो मुक्या जिवांवर दया करतो त्याचे मन माणसांवर दया करण्यास तयार होते, असे.

या विचारात तथ्य आहे, परंतु तो पुरेसा नाही. एखाद्याच्या घरी आपण वर्षभर जेवलो आणि जाताना त्याची भांडी फोडून गेलो, तर भांड्यांवर अन्याय झाला असे कोणी म्हणणार नाही. अन्याय घरधन्यावर झाला. गवा आणि मेंढी आपण निर्माण केलेली नाहीत. ती आपल्याला मिळाली. जे मिळाले त्याविषयी कृतज्ञता देणाऱ्याकडे पोहोचवावयाची असते, आणि ती पोहोचते मिळालेल्या वस्तूशी आपण कसे वागतो यावरून. शिवाय ज्यांचे जीवनच त्या गव्यावर उभे होते ते माणसांचे समाज होते, त्यांना मागता येत होते, आणि त्यांनी मागितलेही. त्यांचे ऋण तर कोणत्याही व्याख्येने ऋणच आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याच्याही पुढे पाऊल टाकले. प्रत्येक जीव माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल बाळगून आहे, असे त्यांनी शिकवले. म्हणजे घरातील भांड्याची उपमाही अपुरीच ठरते. भांड्याला सुखदुःख नसते, मेंढीला असते.

पवित्र शास्त्रात पशूंच्या दोन घडीव प्रतिमांच्या कथा आहेत, त्या येथे आठवतात. रानात इस्राएल लोकांनी आपले दागिने वितळवून सोन्याचे वासरू केले. ते वासराचे प्रेम नव्हते. त्यांचीच संपत्ती वासराचे रूप घेऊन त्यांच्यापुढे उभी होती. दुसरी प्रतिमा मोशेने घडवलेल्या पितळी सर्पाची. तिच्याकडे पाहून दंश झालेले लोक वाचले. म्हणजे ती प्रतिमा चांगलीच होती. परंतु शतकांनंतर लोक तिच्यापलीकडे पाहीनासे झाले आणि तिलाच धूप दाखवू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने ती फोडून टाकली. प्रतिमा आपली नजर पुढे नेते, तोवर ती हितकर. नजर तिच्यापाशीच थांबली की तिचे काम संपले, मग ती कितीही पूज्य असो.

मूर्तीशेजारी कळप

या कसोटीवर जेम्सटाउनचा गवा अगदीच नापास होत नाही, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९९० च्या दशकात त्या मूर्तीच्या पायथ्याशी गव्यांचे एक संग्रहालय सुरू झाले आणि त्याच्या बाजूच्या कुरणात जिवंत गव्यांचा छोटा कळप ठेवण्यात आला. १९९६ साली जन्मलेली ‘व्हाइट क्लाउड’ नावाची पांढरी गाय २०१६ पर्यंत जगली, त्यांपैकी बरीच वर्षे ती या कळपात होती. पांढरा गवा हा माळावरील अनेक आदिवासी समाजांना अत्यंत पवित्र. त्याच २०१६ साली अमेरिकेने बायसनला कायद्याने राष्ट्रीय सस्तन प्राणी म्हणून मान्यता दिली. आज काही आदिवासी समाज आपल्या राखीव भूमीवर पुन्हा कळप वाढवीत आहेत. सिमेंटच्या गव्यामुळे हे सारे घडले असे नव्हे. परंतु मूर्ती पाहण्यास थांबलेला प्रवासी कुंपणापर्यंत चालत जातो आणि श्वास घेणारा गवा पाहतो, तेव्हा मूर्तीने आपले काम केलेले असते.

आपल्या देशाकडे वळले तर केरळातील चडयमंगलम येथील जटायूचे शिल्प समोर येते. मुख्य रस्त्यालगतच्या डोंगरमाथ्यावर, शिल्पकार व चित्रपट दिग्दर्शक राजीव अंचल यांनी घडवलेला हा काँक्रीटचा पक्षी २०० फूट लांब, १५० फूट रुंद आणि ७० फूट उंच आहे. २०१८ पासून लोक तो पाहण्यास जातात. रामायणातील जटायू हा गृध्रराज. एका स्त्रीच्या रक्षणासाठी त्याने प्राण वेचले, आणि म्हणून हे शिल्प स्त्रियांच्या सन्मानास वाहिलेले आहे. आमच्या बांधवांच्या या आदरस्थानाविषयी आम्ही आदरानेच लिहीत आहोत. पण त्या पसरलेल्या पंखांकडे पाहून मनात येते, की त्या गृध्रराजाचे वंशज आज कोठे आहेत?

आमच्या पिढीने लहानपणी गावाबाहेर मेलेल्या गुराभोवती गिधाडांचे थवे पाहिले आहेत. आजच्या मुलांनी ते पाहिलेले नाहीत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारांमागे एक उरले. कारण कळले तेव्हा जग थक्क झाले. गुरांचे दुखणे कमी व्हावे म्हणून देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. त्याच सुमारास हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र उभे राहिले. आपल्या रायगड जिल्ह्यातही स्थानिक कार्यकर्ते गावकऱ्यांच्या मदतीने गिधाडांची घरटी राखण्याचे काम करीत आले आहेत.

येथे गव्याच्या संहारासारखी क्रूरता नव्हती, हे ध्यानात घ्यावे. शेतकऱ्याने आपल्या बैलावर दयाच केली होती. एकावरची दया दुसऱ्याचा काळ ठरली. तेव्हा ऋण केवळ दुष्टपणातून उत्पन्न होत नाही. न कळतही ते डोक्यावर बसते. मात्र कळल्यानंतर ते नाकारणे, हे नैतिक अपयश होय. औषध बदलणे, घरटी राखणे, पिले वाढवणे, ही कामे डोंगरावरून दिसत नाहीत आणि त्यांच्याजवळ उभे राहून कोणी छायाचित्र काढत नाही. पण जटायूचे खरे स्मारक कोणते असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही डोंगरावरच्या शिल्पाबरोबरच या कामांकडेही बोट दाखवू.

पालकांस विनंती

मूर्ती उभारू नयेत असा आमचा आग्रह नाही. लहान गावांनी आपली ओळख मिरवावी, मुलांनी काँक्रीटच्या पायाशी लपंडाव खेळावा. आम्ही फक्त एवढे सुचवू, की अशा प्रत्येक मूर्तीपुढे उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. या प्राण्याने आपल्याला काय दिले? आपण त्याचे काय केले? आणि आज तो कोठे, कशा स्थितीत आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या मूर्तीच्या आसपास सापडते, ती मूर्ती चांगली. जेथे ते उत्तर सापडत नाही, तेथे ते शोधण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर येते.

हे काम प्रथम घरातच होऊ शकते. नातवाचे छायाचित्र परदेशातून आले, तर ‘मेंढी केवढी मोठी!’ एवढ्यावर न थांबता आजी-आजोबांनी त्याला दूरध्वनीवर विचारावे, ‘बाळा, खरी मेंढी पाहिलीस का? तिला हात लावलास का?’ आणि त्यांनीही त्याला सांगावे, की आपल्या दारात कोणती गाय होती, तिचे नाव काय होते, ती म्हातारी झाल्यावर आपण तिचे काय केले. उत्तर सांगताना कदाचित काहींना अवघड वाटेल. तरीही ते सांगावे. मुक्या जिवांचे देणे असते ही जाणीव मुलाला तेथूनच मिळेल.